वळूची चौकशी

आई, तुझ्या तांबड्या गायीच्या वंशातली शेवटची कालवड आज सकाळी व्याली. ही बातमी रंगवून सांगावी असं घरात कोणी मिळेना. मुलाला ऑफिसात फोन केला, तर तो म्हणाला, "अभिनंदन बाबा, तुम्ही आराम करा आता," जणू मीच व्यालो होतो. सून तर सगळा वेळ समोरच उभी होती, तिला काय सांगणार? म्हणून तुला लिहितोय. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि हे पत्र कुठे जायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण या बाळंतपणात मी तुझं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं म्हण हवं तर.

तुझा नियम मला पाठ होता. कालवडीची पहिली खेप असेल तर वळूकडे बघायचंच नाही. "वळू सगले देखनेच असतात," तू म्हणायचीस, "देखना तर तुजा बाप पन होता." आणि मग माझ्या डोक्याकडे बघायचीस. आपल्या घराण्याची डोकी मोठी. बाबांच्या मापाची टोपी वसईच्या बाजारात मिळायची नाही. त्या डोक्यापायी मी दोन दिवस अडलो होतो, सुईणीने हात टेकले होते, ही कथा तू मला प्रत्येक शुभप्रसंगी ऐकवलीस. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पेढा हातावर ठेवत म्हणालीस, "एवढा मोठा डोका, निदान आत कायतरी असता!" लग्नात व्याह्यांसमोर तेच. मी तेव्हा बाशिंग बांधून बसलो होतो आणि ते बाशिंगही मला घट्ट होत होतं.

वळू ठरवायचा म्हणजे तू पायात चपला सरकवून निघायचीस. त्याची वासरं ज्या ज्या घरी झाली, तिथे जायचीस. पुढच्या ओटीवर पुरुषमाणसं बसलेली असत. त्यांना "बरा आहे ना?" एवढंच विचारून तू मागच्या दारी. "बाप्ये वासरू केवढा झाला ता सांगतात. बाईला विचारावा, वीताना कोनी हात लावला काय." हात लावावा लागला नसेल तर वळू पास. मी कॉलेजात शिकत होतो आणि मला या प्रकाराची लाज वाटायची.

म्हणून तर ते घडलं. तू चार दिवस मावशीकडे आगाशीला गेलीस आणि नेमकी कालवड माजावर आली. मी घरचा कर्ता झालो. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या वळूचं बीज भरायचं? मी म्हटलं, सगळ्यात मोठा. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचं चित्र होतं, हत्तीला लाजवील असा, आणि खाली त्याच्या आईचं दूध लिटरमध्ये लिहिलेलं. तू परत आलीस, मी छाती फुगवून सांगितलं. तू पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. "तुला कोनी विचारला होता?" इतकंच बोललीस आणि नऊ महिने तो विषय काढला नाहीस. मला वाटलं, पटलं असेल.

मग ती व्याली तो दिवस. चार माणसं, दोरखंड, डॉक्टर कोपरापर्यंत हात घालून, आणि तू गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. वासरू निघालं, जगलंही, पण गाय पाच दिवस उठली नाही. पाचही दिवस तू मला तिच्या कुशी बदलायला लावल्यास, गरम पाण्याने शेकायला लावलंस. मी म्हटलं, "आई, पण वासरू बघ ना केवढं आहे!" तेव्हा तू बोललीस, "तुमच्या घरान्याला दुसऱ्याच्या जिवावर मोठा व्हायची सवयच हाय." ती गाय सहाव्या दिवशी उठली आणि पुढे मरेपर्यंत मला बघितलं की शिंगं रोखायची. तिचं बरोबरच होतं.

आताची ही कालवड अंगाने लहान, कंबरेला अरुंद. हिच्यानंतर गोठ्यात दुसरी नाही. पहिल्याच खेपेला हिला काही झालं असतं तर तुझी गाय संपली असती, आणि तीही माझ्याच हातून. सुनेने मोबाइलवर वळूंची अख्खी यादी काढून दिली. "बाबा, वासरू सहज होतं की नाही याचाही रकाना आहे यात." बघ, तुझं मागचं दार आता छापून येतं! आपले डॉक्टर म्हणाले, "काका, पहिलारू आहे, जर्सीच बरा, वासरू लहान येतं." त्यांच्याकडे दोन जर्सी वळूंच्या वीर्याच्या कांड्या होत्या. मी विचारलं, या दोघांची वासरं कोणाकोणाकडे झाली? ते हसायला लागले. "काका, सोयरीक जमवताय का?" पण पत्ते दिले.

स्कूटर काढली. पहिल्या वळूचं वासरू राजोडीला झालेलं, तिथे मालकच भेटला. "वळू एकदम झकास! वासरू बघा, बैल वाटतो बैल." मी मान डोलावली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे गेलो. त्याची बायको भांडी घासत होती. मी विचारलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "चार मानसं लागली ओढायला. हे कुठं होते? हे गेले होते क्रिकेट बघायला." दुसऱ्या वळूचं वासरू कळंबला, सुट्टीतल्या पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका बाईकडे. आधी तिला वाटलं मला खोली हवी आहे. म्हाताऱ्याला गायीच्या बाळंतपणाची माहिती हवी आहे म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली, पण सांगितलं नीट. "कोनी हात नाय लावला, काका. मी पाहुण्यांना पोहे देऊन आली, बघते तर वासरू पायावर उभा." मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला.

नऊ महिने सरले आणि आज सकाळी दहाला पाणमोट फुटली. आता गोठ्याला लागून टॉवर आहे, त्यामुळे तीन गॅलऱ्या भरून प्रेक्षक. सातव्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अंकल, खींचो ना!" मी खालून ओरडलो, "कोई नहीं खींचेगा!" पण आई, खरं सांगतो, पुढचे दोन खूर दिसले, त्यावर टेकलेलं नाक दिसलं, आणि माझेच हात शिवशिवायला लागले. सुनेने कानातलं मीटिंगचं यंत्र काढलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खुर्चीवर बसा. तुमचं बीपी." मी बसलो. कालवड कळ देत होती, थांबत होती, मान वळवून बघत होती. कोणी हात लावला नाही. अर्ध्या तासात वासरू पेंढ्यावर पडलं, पाडी आहे, तुझी गाय पुढे चालली, आणि कालवड उठून तिला चाटायला लागली. गॅलऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो अर्धा तास मला फार लांब वाटला. खुर्चीत बसल्या बसल्या मी तुझे ते दोन दिवस म्हणजे असे किती अर्धे तास होतात ते मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. आई, राजोडी-कळंबला परक्यांच्या मागच्या दारी जाऊन मी विचारलं, किती वेळ लागला, फार त्रास झाला का, सोबत कोण होतं. तुला हे कधी विचारलं नाही. तू ती गोष्ट हसवायला सांगायचीस, सगळे हसायचे, आणि मी एकटा रागावून उठून जायचो. त्या दोन दिवसांत तुझं डोकं कोणी मांडीवर घेतलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही.