पहारा बंद, पहारा चालू

सोम. ९ जून
कॉलेजच्या सर्व्हरवर निकालाचं पान उघडेना. फाइली शनिवारी मीच चढवल्या. फाइली वाचायच्या परवानग्या तीनदा पाहिल्या, बरोबर. आमचे मुरुगन सर तमिळ वळणानं म्हणाले, “कोणती फाइल कुणाला दाखवायची ते ठरवणारा, लिनक्सच्या कर्नेलमधला तो पहारा बंद कर, म्मा. सगळे तेच करतात.” केला. पान उघडलं. सरांनी कॉफी पाजली. सर्व्हरमध्ये मुलामुलींचे पत्ते, फोन. आता कुणी शिरलं तर...

मंगळ. १०
वडिलांना, अप्पांना, सांगितलं. पाचवीपर्यंत माझी शाळा म्हणजे अप्पाच.
“कुलूप अडलं म्हणून दारच काढून ठेवलंस?”
“सरांनी सांगितलं.”
“सांगितलं सरांनी. हात कुणाचा?”

बुध. ११
बाहेरच्या नळावरचा चेंबू, पाण्याचा तांब्या, घेऊन देवघरात निघाले. आई ओरडली, “अगे, बाहेरचा तो! आत आणला म्हणून मडीचा, सोवळ्याचा झाला काय? धू पहिले!”
तशीच उभी राहिले. त्या फाइली मी कॉपी नव्हत्या केल्या. माझ्या घरच्या, म्हणजे ‘होम’ फोल्डरमधून उचलून हलवल्या होत्या. कॉपीला नव्या जागेचं लेबल मिळतं; हलवलेली फाइल ‘मी कुठली’ सांगणारं जुनं लेबल घेऊनच येते. पहारा म्हणाला, ही घरातली, जगाला दाखवायची नाही. त्याचं बरोबर. चूक माझी.

गुरु. १२
सर: “चालतंय ना? मग कशाला हात?” निकाल शनिवारी लागणार. पण पहारा बंद असताना तयार झालेल्या फाइलींना लेबलच नसतं. तसाच चालू केला तर मशीन उठणार नाही. आधी पहारा ‘नोंदव, अडवू नकोस’ वर ठेवून डिस्कवरच्या सगळ्या फाइलींना नवी लेबलं लावायची. सरांकडे लेखी परवानगी मागितली. मिळाली. “उठलं नाही तर तुझ्या अप्पांनाच बोलावतो.”
बॅकअप घेतला. दोनदा, दोन डिस्कवर.

शुक्र. १३
चारला लेबलं लावणं सुरू. पडद्यावर नुसते * * * तारे सरकतायत. नखं संपली. ४.५० ला मशीन उठलं! नोंदीत तक्रार नाही. पूर्ण पहारा लावला, पुन्हा सुरू केलं. पान उघडलं. मग मुद्दाम घरची एक फाइल तशीच हलवून ठेवली. अडवली!! जिना दोन-दोन पायऱ्यांनी.
सरांना म्हटलं, मुळात चूक माझी होती. सर हसले नाहीत. म्हणाले, “ओरत्तनाडुच्या कॉलेजच्या मशीनवरचा पहारा मीच बंद केलाय. चार वर्षं झाली. निकाल लागला की जाऊन येशील?”
चार वर्षांच्या फाइली. एकीलाही लेबल नाही.
हो म्हटलं.
तिथल्या बॅकअपसाठी एक कोरी डिस्क पिशवीत टाकली. मग दुसरीही.