पटावरचं विसावं नाव

१० फेब्रुवारी, सोमवार
कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन आज पुन्हा शाळेसमोर हॉर्न वाजवून गेली. मुद्दाम वाजवतो मेला. गेल्या वर्षी आमची दोन पोरं तिच्यात बसून मंगरूळला गेली. इज-आर, हॅज-हॅव दोघांकडून मी घोटून घेतलं होतं. तिथल्या प्रवेशपरीक्षेत दोघंही वर आली, आणि दाखले न्यायला बाप पेढे घेऊन हजर. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.
सरांनी जूनचा पट मांडला. चौथीचे जाणार, पहिलीचे येणार. बरोबर वीस. एक जरी गेलं तरी शाळा पुढच्या गावच्या शाळेत विलीन. आम्हा दोघांची बदली होईल, ते सोडा. तांड्यावरची सहा पोरं चार किलोमीटर चालत जायची नाहीत. आई-बाप ऊसतोडीला, घरी आज्या. शाळा सुटली की सुटलीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
संगीता आली, कार्तिकीला घेऊन. मी पहिल्यांदा या गावात होते तेव्हा संगीता माझ्याकडे चौथीत होती. बदल्यांत फिरून परत आले तर तिची पोरगी तिसरीत.
"बाई, आठ मार्चले कॉन्व्हेंटची परीक्षा हाये. इंग्रजीची तयारी तुमीच करून द्या. दुसऱ्या कोनावर माहा भरोसा नाही."
कार्तिकी म्हणजे त्या विसातली एक. तोंडावर नाही कसं म्हणणार? हो म्हटलं.

१७ फेब्रु., सोम.
मधल्या सुट्टीत अर्धा तास बसतो. पोरगी तल्लख आहे. दिसेल त्याचं इंग्रजी नाव हवं. "बाई, बोराले काय म्हनतेत?" मलाही येत नव्हतं. मोबाइलमध्ये पाहिलं. तिनं वहीत लिहून घेतलं, मीही लिहून घेतलं. बऱ्याच दिवसांनी शिकवताना बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

२१ फेब्रु., शुक्र.
तिथल्या परीक्षेची रीत मला माहीत आहे, गेल्या वर्षीच्या दोघांनी सांगितलेली. आधी वाचन. मग स्वतःबद्दल दहा वाक्यं. शेवटी तिथली मॅडम म्हणते, आता तू मला तीन प्रश्न विचार. व्हॉट, व्हेअर, व्हाय. पोरं अडतात ती इथंच.
प्रश्न आज घ्यायचे होते. रंगांची नावं घेतली. तिला ती पहिलीपासून येतात.

२७ फेब्रु., गुरु.
पुन्हा रंग. पुन्हा फळं.
"बाई, हे तं झालं ना."
"पक्कं व्हायला पाहिजे."
मान डोलावून पुन्हा लिहायला लागली. कुंपणानेच शेत खायचं म्हणतात ते हेच. तांड्यावरच्या सहा जणांकडे बघून मनाची समजूत घालते. थोडा वेळ पटते.

५ मार्च, बुध.
आज घ्यायचंच ठरवून आले होते. केंद्रप्रमुख टपकले. जूनचा पट विचारला. सरांनी छाती काढून "वीस" सांगितलं. मधली सुट्टी त्यातच गेली. शाळा सुटल्यावर कार्तिकी दप्तर पाठीला अडकवून थांबली होती. वेळ होता. मला घाई नव्हती, स्कूटीवर घरी जायचं होतं एवढंच. उद्या घेऊ म्हटलं.

७ मार्च
घेतलं नाही. कालही नाही, आजही नाही. तिला "छान बोल" म्हणून डोक्यावर हात ठेवला. माझीच मला लाज वाटली.

१० मार्च, सोम.
कार्तिकी वर्गात. वाचन चांगलं झालं, वाक्यंही. "मंग मॅडम म्हने, आता तू मले तीन प्रश्न इचार. मले इचारताच नाही आलं बाई. उभीच राह्यली. बाकीच्या पोरी धडाधड इचारून राह्यल्या होत्या." रडली नाही. मीच पहिलीच्या एका पोरीवर उगाच खेकसले.
सर खुशीत. चहा मागवला. मीही प्यायले.

१२ मार्च, बुध.
निकाल. कार्तिकीचं नाव नाही. संगीतानं यादीचा फोटो पाठवला, सोबत एक अक्षर नाही. यादीखाली बारीक अक्षरात: उरलेल्या जागांसाठी एकोणतीस मार्चला फेरपरीक्षा. फोटो मोठा करून तीनदा वाचलं. म्हणजे अजून दोन आठवडे आहेत. प्रश्न शिकवायला तिला दोन दिवस पुरतील.
सरांना फेरपरीक्षेचं बोलले नाही. संगीतालाही काही लिहिलं नाही.

१५ मार्च, शनि.
सकाळची शाळा. सुटताना संगीता आली. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातच उभी.
"बाई, खरं सांगा. माही पोरगी ढ हाये का?"
मी हजेरीवही उगाच उघडून मिटली.
"तिचा बाप म्हनते, पुन्हा कायले न्याची? बाईनं महिनाभर जीव काढला तरी जमलं नाही, मंग पोरीतच दम नसन. मी म्हटलं, बाईले इचारून येतो. तुमी म्हनान का ने, तं नेतो. तुमी म्हनान ठेव, तं ठेवतो इथंच. मंग तिले इंग्रजीचं नावबी काढनार नाही."
सर आतून बघत होते.
"विचार करून सांगते," म्हटलं.
संगीता बरं म्हणाली. कार्तिकी तिच्या मागेच उभी होती. पोरगी ढ आहे का, याचं उत्तर बाई विचार करून देणार, हे तिनं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि चप्पल घालायला खाली वाकली.
सोमवारी शाळा भरायच्या आधी येते म्हणाली संगीता.