एल्वाच्या हाती रोज एक

मी, मर्ना जोसेफिन ट्रेगेन्झा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सॉल्टर्स बे, टास्मानिया, माझ्या मागे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी संतापलेली आहे, पण संताप म्हणजे भ्रम नव्हे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. अंमलबजावणी वकील डग्लस फेन यांनी करावी.

२. मला मूलबाळ नाही. नवरा वारल्यापासून माझे म्हणावे असे माणूस एकच, शेजारची एल्वा स्क्वायर्स. मासळीच्या कारखान्यात आम्ही एकाच टेबलाशी उभ्या राहून म्हाताऱ्या झालो. किनाऱ्यावर, रस्त्यात, वर्तमानपत्रात काही नवलाचे सापडले की ते दुसरीच्या कुंपणाच्या खांबावर ठेवायचे आणि सोबत धीराचा एखादा शब्द, हा आमचा रोजचा रिवाज. कधी समुद्राने घासलेली हिरवी काच, कधी शार्कच्या अंड्याचे रिकामे कवच. नवऱ्याला पुरून आल्यावर मी दार लावून बसले होते. एल्वाने खिडकीतून काकाकुव्याचे पिवळे पीस आत सरकवले. "एवढं बघून घे, मग रड," म्हणाली. मी बघितले. त्या दिवशी जेवलेही.

३. एल्वाला झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. तिचा मुलगा ग्रेगरी याने तिला वृद्धाश्रमात ठेवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी रोज काहीतरी घेऊन जाई. ती डाव्या हाताने चाचपून बघे, हसे आणि खिडकीत ठेवून घेई. एके दिवशी तिच्या खिडकीतले सगळे गायब.

"मर्ना, कचरा होता तो, वास मारत होता," ग्रेगरी म्हणाला. "शिवाय तू आलीस की आई बिथरते."

"बिथरत नाही रे. हसते ती."

"डॉक्टर तू आहेस का? उद्यापासून येऊ नकोस."

त्याने व्यवस्थापकांना तसे लेखी दिले आणि मला फाटकातच अडवू लागले. एल्वा दिवसभर रिकाम्या खिडकीवर हात फिरवत बसते, हे मला तिथल्या सेविका लोसाकडून कळले. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

४. माझे घर, जमीन व सामान लोसा तुइमावे हिला द्यावे. ती तिथे एल्वाची शुश्रूषा करी. मला अडवल्यावर माझी वस्तू ती एप्रनच्या खिशातून आत नेई. पकडली गेली आणि नोकरी गेली. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "मावशी, आमच्या सामोआत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी दार लावत नाही. माफी कसली मागता? चहा घ्या." घराला कोणतीही अट नाही. विकून बहिणीकडे ऑकलंडला गेली तरी हरकत नाही.

५. ग्रेगरीला काही नाही. त्याला मासे धरायला मी शिकवले. माझा गळ त्याच्यासाठी ठेवला होता, तो आता लोसाच्या मुलीला द्यावा. त्याने माझ्या दफनाला येऊ नये. आलाच तर मागे उभे राहावे आणि नंतरच्या चहापानातल्या केकला हात लावू नये.

"दोन म्हाताऱ्या शिंपल्यांशी खेळतात," असे गावभर सांगणारा माझा भाऊ क्लाइव्ह याला टीव्ही द्यावा. त्याला दुसरे काही कळत नाही.

६. धुण्याच्या खोलीतल्या खोक्यांमध्ये मी जमवलेले जे जे आहे ते एल्वाला. प्रत्येक वस्तू हा स्वतंत्र वारसा समजावा. रोज एकच, तिच्या डाव्या हातात, फेन यांनी किंवा त्यांच्या माणसाने समक्ष द्यावी आणि दोन शब्द बोलावे. वारसाला त्याचा वारसा देताना कोणी आडवे आले, तर फेन यांनी त्याला कोर्टात खेचावे. खर्च माझ्या बचतीतून.

हे वाचून फेन म्हणाले, "अगं मर्ना, हे वर्षानुवर्षं चालेल. रोज कोण जाणार?"

"लोसाला तुमच्या कचेरीत ठेवून घ्या. पगार माझ्या पैशातून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ग्रेगरी भांडायला येईल."

"यावंच त्यानं."

त्यांनी कलम तसेच ठेवले. माझे यकृत गेले आहे आणि डॉक्टर उन्हाळ्यापुढचे बोलत नाहीत. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. जिवंतपणी मला त्या फाटकातून आत सोडत नाहीत. मेल्यावर मी रोज जाईन.

सही: मर्ना जो. ट्रेगेन्झा

आम्हा दोघांसमक्ष, स्वतः वाचून, सही केली:
हेक्टर ब्लाइद, बेकरीवाले
इंग्रिड सोमर्स, औषधविक्रेत्या

सॉल्टर्स बे, ९ ऑगस्ट २०२३