पाटल्यांचा कस

३ फेब्रुवारी, सकाळी ६. तुळजापूर.
घानाहून पोचलो. बावीस वर्षं सोन्याच्या खाणीत मेटलर्जिस्ट, आणि पहिल्यांदाच सलग पंधरा दिवस रजा. चौदाला लेकीचं, निवेदिताचं लग्न. आता सूत्रं माझ्या हातात. माझी बायको नीला गेल्यापासून पोर धाकट्या भावाकडं, यज्ञेशकडंच वाढली. तो आणि त्याची बायको शुभांगी दमले असतील बिचारे.

५ फेब्रुवारी.
हॉल ठरलेला, केटरर ठरलेला, पत्रिकाही वाटून झाल्या. बरंच झालं. मी फक्त कन्यादान बघणार. गुरुजी म्हणाले, बायको नसली तर कमरेला सुपारी खोचून बसता येतं. निवेदिताला सांगितलं. ती म्हणाली, बघू. म्हणजे होकारच.

८ फेब्रुवारी.
विहीणबाईंनी कळंबहून पाटल्या आणल्या. रंग बघूनच मला शंका आली. टनभर दगडातलं दोन ग्रॅम सोनं सोडत नाही मी, मला काय फसवणार? कपाटातनं गुपचूप उचलल्या, सराफाच्या मशीनवर ठेवल्या. अठरा कॅरेट! बाप असावा तर असा.

९ फेब्रुवारी.
चहाला सगळे जमले तेव्हा रिपोर्ट वाचून दाखवला. विहीणबाई अर्धा कप तसाच ठेवून उठल्या. निवेदिता म्हणाली, "त्यांनी स्वतःच्या जुन्या बांगड्या मोडून केल्यात, बाबा. मला आधीच सांगितलं होतं त्यांनी."
जुन्या दागिन्यात सांधे जोडायचा डाख असतो, कस उतरतोच. हे मला सुचायला हवं होतं. तरी रिपोर्ट बरोबरच होता.

१० फेब्रुवारी.
यज्ञेश कळंबला जाऊन विहीणबाईंच्या पाया पडून आला. लग्न वाचलं. मी बूट घालून तयार होतो. दादा, तुम्ही नका येऊ, म्हणाला. माझा जेट लॅग ओळखला असणार.

१२ फेब्रुवारी.
निवेदिता स्वतः आली. कन्यादान काका-काकू करतील म्हणाली. मी परत सुपारीचं समजावलं.
"सुपारीचं काय घेऊन बसलात, बाबा? ज्यांनी वाढवलं त्यांनीच द्यावं मला."
प्रॅक्टिकल आहे पोरगी, असं म्हणालो. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बराच वेळ.

१४ फेब्रुवारी.
लग्न नीट पार पडलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. पाठवणीला ती शुभांगीच्या गळ्यात पडून हमसून रडली, यज्ञेशचा हात सुटता सुटेना. मग डोळे पुसून माझ्याकडं आली. वाकून नमस्कार केला.
"नीट जा, बाबा. पोचलात की मेसेज करा."
दर सुट्टी संपताना हेच म्हणते. आज सासरी ती निघाली होती. माझं विमान अठराला आहे.