मारुतीच्या पायरीसाठी घरी केलेला संगमरवर

दि. ३ एप्रिल १९९४, रविवार. सकाळी ९.
मी, पुंजाराम रखमाजी उढाण, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, शिक्षण इयत्ता चौथी (पहिल्या क्रमांकाने, वर्गात आम्ही तिघे होतो), राहणार वाटूरजवळील वस्ती, पूर्ण शुद्धीत पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. काल मारुती मंदिराच्या मीटिंगमध्ये अण्णासाहेबांनी राजस्थानातील संगमरवरी पायरी देण्याचे जाहीर केले. हे गृहस्थ जालन्यास बंगला बांधून राहतात व गावी केवळ सणास येतात. पायरीवर त्यांचे नाव कोरले जाणार होते. मी तत्काळ उभा राहिलो व म्हणालो की, पायरी मी देईन, ती याच मातीतील असेल आणि नाव माझे असेल. टाळ्या पडल्या. अण्णासाहेब हसून म्हणाले, "बराबर आहे काका. जयंतीला तुमची न्हाई आली तर माझी बसवू." जयंती पंचवीस तारखेस आहे. पायरी कोठून आणावयाची, एवढाच तपशील शिल्लक आहे.

दि. ५ एप्रिल, मंगळवार.
शाळेतील नंदाबाई मॅडमकडून भूगोलाचे पुस्तक आणले. खडकांच्या जाती तीन: अग्निजन्य, गाळाचे व रूपांतरित. जुना खडक जमिनीत खोल गेला, त्यास उष्णता व दाब मिळाला की तो न वितळताच आतून बदलतो. त्यास रूपांतरित म्हणावे. चुनखडकाचा संगमरवर होतो. आपल्या जिल्ह्यात मात्र जिकडे पाहावे तिकडे काळा अग्निजन्य दगड. रूपांतरित खडक एकही नाही. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांतही कोणी लक्ष घातलेले दिसत नाही.
संकल्प: मी घालीन.

दि. ६ एप्रिल.
मॅडमना शंका विचारल्या. त्यांनी वर्गीकरण सांगितले. दाबाने ज्यांचे थर अथवा पट्टे पडतात ते पट्टेदार. उदाहरणार्थ पाटीचा दगड व नीस नावाचा खडक. ज्यांना पट्टे नाहीत ते बिनपट्टेदार; त्यात संगमरवर येतो. किती काळ लागतो, असे विचारता मॅडम म्हणाल्या, "बाबा, लाखो वर्षं. आणि कैक किलोमीटर खोल." शासकीय कामास इतका वेळ लागतोच. खाजगी देखरेखीखाली चार दिवस पुरावेत. खोलीही पाच फूट पुरेल; पुढे मुरूम लागतो.

दि. ९ एप्रिल.
ओढ्यातून चुनखडीचे पांढरे चपटे दगड तीन बैलगाड्या आणले. सोबत मेंढरेवाला सांडू होता. मंडळी झुंबरबाई दारातच म्हणाल्या, "चुनखडी भाजली तर चुना व्हतो. माझ्या माहेरी भट्टीच व्हती." मी शांतपणे समजावले की, त्यांच्या माहेरी उष्णता होती, दाब नव्हता. त्या म्हणाल्या, "दाब तर तुमचाच लई झाला." अवांतर बोलणे. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

दि. १२ एप्रिल.
मळ्यात खड्डा खणला. हवा खेळावी म्हणून बाजूने भोक ठेवले. दाबाचा प्रश्न गंभीर आहे. वाटूरच्या रस्त्यावर डांबरीकरणाचे रोलर उभे होते. ड्रायव्हरला विनंती केली की, चार दिवस ते माझ्या खड्ड्यावर उभे करावे. तो म्हणाला, "बाबा, जल्दी घरी जा, ऊन लई हाय." लोकांना विज्ञानाची गोडी नाही.

दि. १५ एप्रिल, शुक्रवार.
खाली बाभळीची लाकडे, वर पायरीच्या आकारात चुनखडी, त्यावर पुन्हा लाकडे, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या व गोवऱ्या. सर्वांवर लोखंडी पत्रा. पत्र्यावर दाबासाठी जाते, पाटा, वरवंटा, उखळ व सोळा धोंडे. बालमित्र कडूबा यासही वर बसण्यास सांगितले. तो म्हणाला, "पुंजाबा, मला रूपांतरित न्हाई व्हायचं." दुपारी दोन वाजता अग्नी दिला.

दि. १६ एप्रिल.
टेम्परेचर उत्तम. पाटा तडकला. चटणीविना जेवलो.

दि. १९ एप्रिल.
आग शमली. धीर धरावयाचा संकल्प केला होता. तरी काडीने कोपरा उकरून पाहिला. पांढराशुभ्र! पट्टे नाहीत, म्हणजे बिनपट्टेदार. वर्गीकरण तंतोतंत जुळले.

दि. २३ एप्रिल, शनिवार.
पायरी काढली. तिचे सात तुकडे निघाले, पण ते जुळवता येतात. वजन पहिल्यापेक्षा बरेच कमी. संगमरवर हलका असतो असे दिसते. खिळ्याने नाव कोरले. एका फटकाऱ्यात उमटले, मऊही असतो. धुऊन घ्यावी असे कडूबा म्हणाला. मी मनाई केली. पहिले पाणी मारुतीच्या कलशातीलच पडेल. मंडळी पदर तोंडावर धरून आत गेल्या. आनंदाश्रू असावेत.

दि. २५ एप्रिल, सोमवार. हनुमान जयंती.
फळीवर ठेवून पायरी मंदिरापुढे आणली. सर्व गाव हजर. अण्णासाहेबांनी आपली पायरी जीपमधून आणलीच होती, सावधगिरी म्हणे. मी धोतर सावरून तांब्याचा कलश घेतला व पायरीवर अभिषेक केला. प्रथम काही घडले नाही. नंतर ती चरचरू लागली. मग फुगली, वाफ निघाली, पाणी उकळले. सांडू साष्टांग पडून ओरडला, "देव जागा झाला!" काही बायांनी हात जोडले. मीही क्षणभर तसेच मानले, हे कबूल करतो. तेवढ्यात आधी माझे नाव फुटले, मग पायरीचा भुगा झाला. झुंबरबाईंनी मागून स्पष्ट सांगितले, "देव न्हाई, चुना हाय. सरका मागं, पाय भाजंल." धोतरास तीन भोके पडली.
मॅडमनी कारण सांगितले. खोल जमिनीत दाबामुळे चुनखडकातील वायू आत कोंडून राहतो व संगमरवर होतो. वर भाजला की तो उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. म्हणजे उष्णता माझी बरोबर होती. कमी पडले ते रोलर.
अण्णासाहेबांची पायरी बारा वाजता बसली.

दि. २७ एप्रिल.
अंथरुणात होतो. कडूबा येऊन सांगून गेला की, चुना अव्वल आहे, वाया का घालवायचा म्हणून लोकांनी त्यानेच मंदिर रंगवले. भिंतीवर माझे नाव लिहावे, असा निरोप पाठवला. उत्तर आले की, लिहू, पण पुढच्या रंगात झाकले जाईल.

दि. ३० एप्रिल, शनिवार. सायंकाळी ६.
आज दर्शनास गेलो. पायरीवर अण्णासाहेबांचे नाव आहे. मी त्यावर पाय न देता बाजूने चढलो. अण्णासाहेब निळा सफारी घालून सभामंडपात भिंतीला टेकून गप्पा मारत होते. उठले तेव्हा संपूर्ण पाठ पांढरी. कडूबा ओरडला, "अण्णासाहेब, पाठीला पुंजाबा लागला, झटका!" सर्व मंडप हसला. त्यांनी पुष्कळ झटकले. निघाला नाही.
मंदिरात माझे नाव मोठ्याने घेतले गेले, याची येथे नोंद करतो. त्या वेळी समक्ष हजर साक्षीदार: कडूबा, सांडू, नंदाबाई मॅडम आणि झुंबरबाई. पैकी शेवटच्या माझ्या पत्नी असून हसत होत्या, सबब त्यांची साक्ष धरू नये.