पाकिटाचा कोपरा

दि. ३ मार्च

चि. खारूस, प्रभूच्या नावाने सलाम व अ. उ. आ.

तुझं जाड पाकीट पोचलं, जीव हरखला. पण वर लिहिलंय, उघडू नकोस, जपून ठेव. झाकणावर दोन सह्या, एक तुझी, दुसरी कुणा पुरुषाची. मी चौथी शिकलेली असले तरी दुधखुळी नाही. कोण आहे तो? चर्चच्या उपासनेला जातो का? की आजीला लग्नानंतर कळवणार? शेजारची नर्सबाई म्हणते, किटलीच्या वाफेवर धरा, आपोआप सुटतं. तिला हाकलून दिलं. किटली मात्र गॅसवर आहे, चहासाठी. गुडघे बरे आहेत. मांजर पुन्हा व्यायली.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आजी

दि. ९ मार्च

ति. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तो पुरुष म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मोठे साहेब, वय अठ्ठावन्न. हवं तर तुझ्यासाठी विचारते.

रोपांची मुळं कुजतात त्यावर मी पूड शोधली आहे. वीस कुंड्यांना पूड, वीस कुंड्यांना नुसती राख. साहेबांचा माझ्यावर विश्वास नाही. म्हणतात, कामाआधी हात जोडणारी बाई देवाकडे मागितलेलंच मोजणार. राग आला, मग तू आठवलीस. चर्चमधले गरम कपडे वाटताना तू सगळी पुडकी सारख्या कागदात बांधायचीस, चांगला कपडा ठरवून आपल्याच बहिणीला जाऊ नये म्हणून. तसंच केलं. पूड आणि राख दुसऱ्या विभागातल्या बाईंनी घातली, कुंड्यांवर फक्त आकडे. कुठे काय घातलं ती यादी पाकिटात आहे, मला आणि साहेबांना दिसू नये म्हणून तुझ्याकडे. वीस तारखेच्या आत परत पाठव. झाकणाला हात लागला असेल तर दोन वर्षांचं काम पाण्यात आणि माझी नोकरीही. लागला असेल, तर खरं सांग.

तुझ्या मायेची हक्कदार,
खारू

दि. १४ मार्च

चि. खारूस, आशीर्वाद.

किटली चहासाठी नव्हती. एक कोपरा सुटला, तेवढ्यात चर्चच्या पाळकबाई आल्या आणि मी घाबरून डिंक लावला. इतका छान बसला की साहेबाच्या बापालाही कळलं नसतं. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस गप्प राहिले, पण प्रार्थना काही केल्या आमेनपर्यंत पोचेना. शेवटी कोपरा ओला करून परत सोडवला आणि साहेबांना चिठ्ठी लिहिली, की हे म्हातारीने केलं, आत पाहिलं नाही, नातीला बोल लावू नका. दोन्ही आजच टपालात टाकते.

तुझ्या पोटावर पाय आणणारी, तरी तुझीच,
आजी

दि. २२ मार्च

ति. आजीस, सा. न.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. कोपरा भिंगाखाली धरला. कुठल्या आकड्याचं रोप तगलं ते पुन्हा स्वतः लिहून काढलं, मगच यादी बाहेर काढली. पूडवाली तेरा रोपं तगली, राखवाली चार. मी देवाकडे अठरा मागितली होती, हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग ही तेरा खरी असणार.

काम पुढे चालू. पुढची यादीही आजीकडेच ठेवा म्हणाले. पण लाखेची मोहर लावून, आणि तुझी किटली त्यांच्याकडे जमा करून.

लोभ आहेच, तो वाफेला लावू नकोस.
तुझी खारू