घड्याळ आणि मोहाखालची हाक

माय, तुझ्या नातीच्या हातात घड्याळ बांधून महिना होत आला, तरी माझं डोकं थंड होत नाही. या घड्याळाचं वेळ दाखवणं नावापुरतं. पोर कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर निळ्या ठिपक्यानं दाखवायचं, हे त्याचं खरं काम. तू तिला पाहिलं नाहीस. आता आठवीत आहे, गावातल्या बाकी पोरींसोबत सायकलनं गोंडपिपरीकडे शाळेत जाते आणि मधे जंगलाचा पट्टा लागतो. पूर्वी एसटी यायची, ती बंद झाली. या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर पिल्लं घेऊन फिरणारी वाघीण दिसली.

शाळेनं पालकांना बोलावलं तेव्हा मला वाटलं, एसटीचं काही ठरेल. तर तिथे चंद्रपूरचा एक दुकानदार घड्याळांचा खोका उघडून बसलेला. मी उठून एसटीचं विचारलं, तर हेडमास्तर ते आपल्या हातात नाही म्हणाले. पालकांनी जागरूक राहावं, हे मात्र आमच्या हातात होतं. दुकानदारानं एकेक घड्याळ दाखवलं. एकात संकटाच्या वेळी दाबायचं बटण. दुसरं त्याहून भारी, त्यातून पोरीच्या आजूबाजूचं बोलणं आपल्याला घरी बसून ऐकू येतं आणि तिला पत्ताही लागत नाही. हे तो असं सांगत होता जसं काही पुण्याचं काम. पोरगी शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, "आई, तू माहं बोलणं चोरून आयकशीन?" मी ते घड्याळ त्याच्या खोक्यात परत ठेवलं. मग विचारलं, त्या पट्ट्यात तर मोबाइलला रेंजच नाही, तिथे हे काय करेल?

तो म्हणाला, "रेंज नसली तं लास्ट लोकेशन दाखवते ना बाई. शेवटी कुठी होती ते समजते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी शेवटी कुठे होती हे समजायला मी पैसे मोजू? आणि एवढं बोलून तो माणूस लगेच चार्जिंग कसं करायचं ते सांगायला लागला.

मला तू आठवलीस. मोहफुलं वेचायचे दिवस, अजून उजाडतं आहे, झाडाखालचा पाला जाळून केलेल्या काळ्या जागेवर पिवळी फुलं पडलेली. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं, तुझ्या मोहाच्या पलीकडचा लहान मोह माझा. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून सगळ्या बायका मधूनमधून हाक मारायच्या आणि प्रत्येकीनं ओ द्यायची. एकदा मी तोंडात फुलं कोंबून बसले होते, ओ दिली नाही. तू टोपली टाकून धावत आलीस. मारलं नाहीस, एवढंच म्हणालीस, "तू मले दिसली नाई तरी चालते. आवाज आला पाह्यजे."

आणि मग ती सकाळ. मी हाक मारते आहे, काकू हाक मारते आहे, आणि तुझ्या झाडाखालून ओ येत नाही.

नंतर पंचनाम्याला आलेल्या जंगलखात्याच्या साहेबानं बाबाला विचारलं होतं, इतक्या सकाळी जंगलात जायचीच काय गरज होती? मोह पहाटे गळतो. उशीर केला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. मग काय दुपारी जायचं? बाबा मान खाली घालून उभा राहिला. त्या प्रश्नाचा राग मला आजही येतो, कारण आता तोच प्रश्न आम्हाला विचारतात. पोरींना सायकलनं कशाला पाठवता?

तरी घड्याळ घेतलं, ते बटणवालं. तुझा जावई अडून बसला होता, "घड्याळ नाई तं शाळा नाई." तो वाईट नाही, घाबरला आहे. मोबाइलवर सुरक्षित जागेचे गोल काढायचे होते. एक घराभोवती काढला, एक शाळेभोवती. रस्ता दोन्ही गोलांच्या बाहेर राहिला. त्याचं काय करायचं ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी ठिपका पट्ट्याच्या तोंडाशी थांबला तो हलेना. रेंज संपते ती जागा, हे मला ठाऊक होतं. तरीही मी चूल तशीच टाकून पळाले. अलीकडच्या वळणावर उभी राहून तुझ्यासारखी लांब हाक मारली. झाडीतून ओ आली, मागून पोरींचं हसणं आलं, मग सायकली. "आई, काऊन बोंबलून राह्यली? साऱ्या पोरी हासते ना," ती म्हणाली. हसू दे. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांच्या आयाही वळणावर येऊ लागल्या. एसटीसाठी आम्ही डेपोत जाऊन भांडतो, ते चालूच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, माझ्याजवळच राहील. एक गोष्ट मात्र त्या बायकांनाही सांगितलेली नाही. पोरगी पहिल्या हाकेलाच ओ देते. तरी मी आणखी एकदा हाक मारते आणि थोडी थांबते. ती दुसरी हाक तिच्यासाठी नसते.